आज्ञापत्रातील नेमस्त दृष्टी : शिवकालीन राज्यसुधारणा आणि वतनाचा प्रश्न

शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेविषयी लिहिणारे बहुतेक ग्रंथकार दोन साधनांचा आधार घेतात : एक कृष्णाजी अनंत सभासदाची बखर आणि दुसरे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. पहिली इ. स. १६९७ च्या सुमारास राजाराम छत्रपतींच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली गेली. दुसरे मार्गशीर्ष शके १६३७, मन्मथनाम संवत्सर, अर्थात इ. स. १७१५ च्या अखेरीस करवीरकर संभाजी छत्रपतींच्या नावे निघाले. ही दोन्ही साधने एकाच जातीची मानून त्यांतील वचने एका माळेत ओवण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मते हा प्रघात बरा नव्हे. सभासद सुधारणेचे वर्णन करतो; अमात्य तिचे परीक्षण करतात. सभासदाच्या लेखणीत धन्याविषयीची भक्ती आहे. अमात्यांच्या लेखणीत त्या भक्तीच्या जोडीस सव्वीस वर्षांच्या संकटाचा हिशोबही आहे.

म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही आज्ञापत्राकडे राजनीतीवरील सामान्य ग्रंथ म्हणून न पाहता, एका थोर राज्यसंस्थापकाच्या धाडसी सुधारणेविषयी एका नेमस्त मुत्सद्द्याने दिलेला अभिप्राय म्हणून पाहणार आहोत. 'नेमस्त' हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून राजकीय पक्षाचा वाचक झाला. येथे तो मर्यादा राखून चालणारा एवढ्याच साध्या अर्थाने योजिला आहे. मूळ ग्रंथ वाचकांच्या परिचयाचा असल्यामुळे उतारे न देता केवळ तात्पर्य देत आहो.

१

प्रथम ती सुधारणा कोणती होती हे निश्चित केले पाहिजे. या विषयावरील पुष्कळ घोटाळा तीन शब्दांची सरमिसळ केल्यामुळे झालेला आहे. ते शब्द म्हणजे वतन, जहागीर आणि इनाम.

वतन म्हणजे देशमुखी, देशपांडेपण, पाटीलकी, कुळकर्ण इत्यादी वंशपरंपरागत अधिकार. गावाचा अथवा परगण्याचा वसूल करणे, तंटे तोडणे, वस्ती राखणे ही कर्तव्ये आणि त्यांबद्दल मिळणारे हक्क, मानपान व जमीन, या सर्वांचा त्यात समावेश होतो. हे अधिकार बहुधा राज्याहून जुने असत. बहमनी गेली, निजामशाही गेली, तरी पाटील होता तेथेच राहिला. जहागीर अथवा मोकासा म्हणजे चाकरीच्या मोबदल्यात सरदारास लावून दिलेले गाव किंवा महाल. तेथील वसूल सरदाराने घ्यावा, त्यातून फौज बाळगावी, आणि बोलावणे येताच हजर व्हावे. इनाम म्हणजे सारामाफीची देणगी. ती देवस्थानास, विद्वानास अथवा पराक्रमाबद्दल सेवकास दिली जाई.

पहिले काळाने दिलेले, दुसरे राजाने चाकरीसाठी दिलेले, तिसरे राजाने संतोषाने दिलेले. या तिहींना एकच औषध लागू पडत नाही. आणि महाराजांनीही तिहींना एकच औषध दिले नव्हते.

सभासदाच्या सांगण्याचा इत्यर्थ असा की, पूर्वीच्या पातशाहीत देशमुखादी मंडळी रयतेकडून मन मानेल तसा पैसा घेत आणि दिवाणात त्याचा अल्प अंश भरत; त्या बळावर वाडे, गढ्या, कोट बांधून प्यादे व बंदुकी ठेवीत आणि कोणास जुमानीत नसत. महाराजांनी त्या गढ्या पाडल्या, मोक्याच्या जागी आपली ठाणी बसविली, जमिनीची काठीने मोजणी केली आणि वतनदारांचे हक्क गावाच्या मगदुराप्रमाणे नक्त व धान्यरूपाने बांधून दिले. लष्करास मोकासे न देता सरकारी खजिन्यावरून अथवा वरातांनी वेतन देण्याचा शिरस्ता घातला. काठीचे मापही सभासद देतो : पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चावर. ज्या राज्यकर्त्याने मोजमापाची मूठही ठरविली, त्याच्या सुधारणेची व्याप्ती निराळी सांगावयास नको.

याच सुमारास, राज्याभिषेकानंतर, राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. सुमारे चौदाशे यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळाले. राज्याभिषेक शक, नवी नाणी आणि अष्टप्रधानांची संस्कृत अभिधाने ही सर्व एकाच संकल्पाची अंगे होत. भाषा, माप, वेतन आणि अधिकार या चहूंकडे एकाच वेळी हात घालणारा राज्यकर्ता त्या शतकात या देशात विरळाच होता.

२

तथापि, या सर्व वर्णनावरून महाराजांनी वतने मोडली असे जे विधान वारंवार केले जाते, ते कागदांशी जुळत नाही. इ. स. १६४६ चे रांझे गावच्या पाटलाचे प्रकरण पाहा. बावाजी भिकाजी गुजर या पाटलाकडून बदअंमल घडला. चौकशीत तो शाबीत होताच त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली. या पत्राचा उल्लेख महाराजांच्या न्यायनिष्ठुरतेचे उदाहरण म्हणून सर्वत्र होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच पत्राचा उत्तरार्ध तितक्या काळजीने वाचला जात नाही. ती पाटीलकी सरकारात कायमची ठेविली गेली नाही. ती त्याच गुजर कुळातील सोनजीस देण्यात आली. पाटील दूर झाला, पाटीलकी राहिली. व्यक्तीवर दंड पडला. कुळाचा हक्क अबाधित राहिला. सोळा वर्षांच्या राजपुत्राच्या मुद्रेने निघालेल्या या पत्रात पुढील सर्व धोरणाचे बीज आहे असे आम्हांस वाटते.

दुसरे पत्र तीस वर्षांनंतरचे, ५ सप्टेंबर १६७६ चे, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेले. त्यात सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, ज्यास शेत करण्याचे सामर्थ्य आहे परंतु बैल, बी व पोटगी नाही त्यास ती द्यावी, आणि दिलेली रक्कम वाढीदिढी न करता केवळ मुद्दल म्हणून त्याच्या शक्तीप्रमाणे हळूहळू उगवून घ्यावी, अशी आज्ञा आहे. वसूल ऐनजिनसी घ्यावा, त्यासाठी रयतेवर नक्ताचा जुलूम करू नये, असेही बजावले आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, राज्य आता देशमुखाच्या डोक्यावरून थेट कुणब्याच्या बांधावर जाऊ पाहते. वतनदारास न मोडता त्याचे महत्त्व कमी करण्याचा हा मार्ग होय. ज्या कुणब्यास बैल सरकारातून मिळाला, तो देशमुखाच्या दारी कशास जाईल?

तात्पर्य, जहागिरीच्या बाबतीत महाराज कठोर होते, वतनाच्या बाबतीत सावध होते. एक नवीन द्यावयाचे नाही, दुसरे जुने उपटावयाचे नाही, पण त्यास कुंपण घालावयाचे, असे हे दुपदरी धोरण होते. न्यायमूर्ती रानडे यांनी इ. स. १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराजांच्या व्यवस्थेतील रोख वेतन व जहागिरींचा अभाव यांवर भर देऊन, पुढील पिढ्यांनी ती तत्त्वे सोडली म्हणून राज्याचा ऱ्हास झाला असे प्रतिपादन केले. त्यांचे निदान मुख्यांशी खरे आहे. परंतु ती तत्त्वे का सुटली, याचे उत्तर केवळ वंशजांच्या दौर्बल्यात शोधल्याने मिळत नाही. ते उत्तर रामचंद्रपंतांपाशी आहे, कारण ती सुटली त्या वेळी शिक्का त्यांच्याच हाती होता.

३

रामचंद्रपंत हे निळो सोनदेवांचे चिरंजीव. राज्याभिषेकसमयी अमात्यपदावर असलेला हा पुरुष पुढे संभाजी, राजाराम, ताराबाई यांच्या कारकिर्दी पाहून करवीरच्या संभाजीपर्यंत राज्यकारभारात होता. इ. स. १६८९ च्या मार्च महिन्यात संभाजी छत्रपतींचा वध झाला. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम छत्रपती जिंजीस निघून गेले. मागे महाराष्ट्राचा सर्व भार 'हुकमतपनाह' या पदवीने रामचंद्रपंतांवर पडला.

त्या वेळची स्थिती मनात आणावी. खजिना नाही, राजधानी नाही, राजा दोनशे कोसांवर वेढ्यात. औरंगजेब देशमुखांस मनसबी आणि वतनाच्या सनदा देऊन फोडीत होता. मावळातील नामांकित देशमुख घराणीही काही काळ मोगलांकडे गेली. कारीचे सर्जेराव जेधे हे त्यांतलेच. राजाराम छत्रपतींनी त्यांस पत्रे लिहून परत आणविले. अशा वेळी पंतांनी काय द्यावे? रोख वेतन देण्यास रोख नव्हती. मोगल जे देऊ करीत होता तेच, आणि थोडे अधिक, देऊ करणे एवढाच उपाय उरला. जून १६९१ मध्ये राजाराम छत्रपतींनी हणमंतराव घोरपडे यास दिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली घेतल्यावर टप्प्याटप्प्याने द्यावयाच्या लाभाचे आश्वासन आहे. जे हाती नाही ते देण्याचे ते वचन होते. आणि जो ते जिंकील त्याचेच ते होईल, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होता.

या उपायाने राज्य वाचले, हे निर्विवाद आहे. संताजी, धनाजी आणि शेकडो लहानमोठे सरदार स्वतःच्या हिमतीवर लढत राहिले, आणि जगातील एका बलाढ्य बादशहास दक्षिणेतच आपला देह ठेवावा लागला. परंतु ज्या जहागिरीस महाराजांनी दार बंद केले होते, ती या काळात राजरोस आत आली. एकाच वतनाच्या दोन दोन सनदा निरनिराळ्या हातांनी निघाल्या. त्यांचे कज्जे पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले, हे वतनदारी कागद चाळणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

संकट टळल्यावर तरी जुना शिरस्ता परत यावयाचा; परंतु इ. स. १७०७ मध्ये शाहू छत्रपती सुटून आले आणि राज्याचे दोन भाग झाले. आता मोगलाशी नव्हे, भावाशी चढाओढ सुरू झाली. कान्होजी आंग्र्यांसारखा बलाढ्य पुरुष कोणत्या बाजूस राहतो हे त्यास काय मान्य केले जाते यावर ठरू लागले. इ. स. १७१४ मध्ये करवीरास राज्यक्रांती होऊन राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. त्यांचे वय त्या वेळी अवघे सोळा वर्षांचे. या नव्या राजास उद्देशून पुढील वर्षी आज्ञापत्र सिद्ध झाले. तेव्हा पंतांचे आयुष्य संपत आले होते; पुढील वर्षी ते वारलेच.

४

आज्ञापत्रात राजा, प्रधान, साहुकार, टोपीकर, वतनदार, वृत्ती, दुर्ग व आरमार असे अनेक विषय आहेत. आंबा व फणस यांसारखी झाडे रयतेच्या मनाविरुद्ध तोडू नयेत, इथपर्यंत त्याची दृष्टी पोचते. परंतु आमच्या विषयास वतनदार व वृत्ती ही दोन प्रकरणे महत्त्वाची होत.

वतनदारांविषयी पंतांचे म्हणणे थोडक्यात असे. यांस वतनदार म्हणणे ही लोकांची बोलण्याची रीत झाली. वस्तुतः ते लहान प्रमाणावरचे स्वतंत्र राजेच होत. ते राज्याचे वाटेकरी आहेत. आहे त्यात त्यांचा संतोष नसतो. नवे मिळवावे, बळकट व्हावे, शेजाऱ्याचे घ्यावे, हा त्यांचा स्वभाव. शासन येणार असे दिसताच ते स्थळे बांधून बसतात, आणि परचक्र येताच वतनाच्या लोभाने सर्वांआधी शत्रूस जाऊन मिळतात. याकरिता त्यांस आवरून धरिलेच पाहिजे. परंतु लगेच दुसरी बाजूही ते मांडतात : हे दोष आहेत म्हणून त्यांचा द्वेष करावा, त्यांची वतने बुडवावी, हेही अयोग्य व अनर्थाचे मूळ होय. स्नेह आणि दंड या दोहोंच्या मध्ये त्यांस ठेवावे. चालत आलेले चालवावे, अधिक एक कवडी देऊ नये. राजाज्ञेचे उल्लंघन होताच मात्र दया करू नये.

इनामाविषयीही अशीच दुहेरी मर्यादा आहे. सेवकाने पराक्रम केला तर त्याचे वेतन वाढवावे, त्यास वस्त्रे व अलंकार द्यावे, थोर कामगिरी सांगावी. पण भूमी देऊ नये. भूमी एकदा दिली की ती वंशपरंपरा जाते. प्रत्येक राजाने थोडी थोडी दिली तर राज्याचा वसूल दिवसेंदिवस घटून शेवटी राजा नावाचाच राहतो. त्याच वेळी, पूर्वीच्या राजांनी जे दिले ते पुढच्याने हरण करू नये, वृत्तिच्छेद हे महापाप होय, असे ते बजावतात.

नवीन द्यावयाचे नाही आणि जुने काढावयाचे नाही : हे दोन निषेध एकत्र ठेवले म्हणजे नेमस्तपणाचे स्वरूप स्पष्ट होते. पंतांनी महाराजांची सुधारणा आदर्श म्हणून स्वीकारली आहे, परंतु ती मागे जाऊन पुन्हा बसविता येईल असा भ्रम त्यांस नाही. सव्वीस वर्षांत जे दिले गेले ते परत घेऊ लागल्यास सर्व सरदार एका दिवसात सातारकरांकडे जातील, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी काळाचा प्रवाह उलटा फिरविण्याचा उपदेश न करता, तो येथेच थोपवावा एवढेच सांगितले.

५

हे मत आमच्या प्राचीन अर्थशास्त्राशी ताडून पाहणे उपयुक्त होईल. मनूच्या सातव्या अध्यायात दहा गावांच्या अधिपतीस एक कुल भूमी, वीसांच्या अधिपतीस पाच कुले, शंभरांच्या अधिपतीस एक गाव व सहस्राधिपतीस एक नगर, अशी भूमिरूप वृत्ती सांगितली आहे. उलट कौटिल्य पाचव्या अधिकरणात अठ्ठेचाळीस हजार पणांपासून साठ पणांपर्यंत सर्व सेवकांचे रोख वेतन बांधतो. मात्र तोही व्यवहार सोडीत नाही. कोश अल्प असेल तर वनोत्पन्न, जनावरे व शेते द्यावी आणि थोडे रोख द्यावे, अशी सवलत तो देतो. पण ओसाड प्रदेश वसवावयास निघालेल्या राजाने मात्र रोखच द्यावे, गाव देऊ नये, असा अपवादही सांगतो.

या एका नियमात आमच्या प्रश्नाचे मर्म आहे. रोख वेतन ही केवळ इच्छेची गोष्ट नसून कोशाची गोष्ट आहे. महाराज रोख देऊ शकले, कारण सुरतेची, कर्नाटकाची व चौथाईची संपत्ती रायगडी येत होती आणि मोजणी केलेला मुलूख वसूल देत होता. १६८९ नंतर कोश 'अल्प' नव्हे, शून्य झाला. सुधारणेचा पाया ज्या खजिन्यावर होता तो खचताच इमारत उभी राहिली नाही, यात बांधणाऱ्याचा दोष नाही आणि पुढे राहणाऱ्यांचाही सर्वस्वी नाही. पंतांच्या काळी कौटिल्याचा ग्रंथ लोकांच्या वाचनात नव्हता. तो म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी इ. स. १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. दोघांचे विचार जुळतात ते अनुभवाने.

६

येथे एक आक्षेप येईल, आणि तो लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. आक्षेप असा की, रामचंद्रपंत स्वतः लाभलेल्यांपैकी होते. त्यांच्याच वंशजांकडे बावड्याची जहागीर पुढे चालली. 'नवे देऊ नये, जुने काढू नये' हा नियम ज्याच्या पदरात सर्व पडून चुकले आहे त्यास सोयीचा असतोच. १७१५ ची वाटणी जशी आहे तशी गोठविणे यालाच नेमस्तपणा म्हणावयाचे काय?

या आक्षेपात तथ्य आहे. वृत्तिच्छेदाच्या निषेधात धर्मबुद्धी आहे तसे घराचे हितही आहे. दोन्ही वेगळी काढून दाखविणे शक्य नाही. परंतु दोन गोष्टी पंतांच्या बाजूने सांगितल्या पाहिजेत. पहिली, ज्या जहागिरदारवर्गात ते स्वतः मोडत होते त्याच्या वाढीस त्यांच्या नियमाने आळा बसत होता. त्यांस स्वार्थच पाहावयाचा असता तर राजाच्या औदार्याची स्तुती करणे अधिक सोयीचे होते. दुसरी, ज्याने स्वतःच्या हाताने सनदा दिल्या तोच सनदांचा दुष्परिणाम सांगतो, तेव्हा ती साक्ष तटस्थाच्या साक्षीहून वजनदार होते. दाराला कडी लावा असे सांगणाऱ्याला, दार कोणी व का उघडले हे पक्के ठाऊक होते.

७

पंतांचे ऐकले गेले नाही. मार्च १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणविल्या. चौथाईचे जे विभाग पडले त्यांत शेकडा २५ राजबाबती, ६ साहोत्रा आणि ३ नाडगौडा वजा जाता ६६ मोकासा म्हणून सरदारांकडे गेले. महाराजांनी नाकारलेला मोकासा हाच आता राज्यविस्ताराचा कणा झाला. त्याने मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत नेले हे खरे. आणि इंग्रजांशी प्रसंग पडला तेव्हा प्रत्येक सरदार आपापल्या मुलखाचा हिशोब करीत राहिला हेही खरे.

दुसऱ्या निषेधाचीही परीक्षा कालांतराने झाली. इंग्रजी अमलात दक्षिण मराठा मुलखात इ. स. १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला इनाम कमिशनचे रूप आले. प्रत्येकाने आपला हक्क कागदाने शाबीत करावा, न झाल्यास जमिनीवर सारा बसावा, असा हा बाणा होता. हिशोबाच्या दृष्टीने त्यात तर्क होता. परंतु पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एकाएकी संशयास्पद ठरल्याने जो असंतोष पसरला, तो १८५७-५८ च्या उठावाच्या कारणांत गणला जातो. पंतांनी ज्यास अनर्थाचे मूळ म्हटले होते ते हेच.

शेवटी वतनसंस्था गेली ती स्वतंत्र भारतात, कायद्याने : परगणा व कुळकर्णी वतने १९५० च्या अधिनियमाने, मुलकी पाटलांची पदे १९६२ च्या अधिनियमाने. त्यातही, ठरावीक रक्कम भरल्यावर वतनी जमीन बहुधा पूर्वीच्या धारकाकडेच राहू देण्याची तरतूद होती. अधिकार गेला, जमीन राहिली. रांझ्याच्या पत्रात माणूस गेला व अधिकार राहिला होता. दोहोंत तीनशे वर्षांचे अंतर असले तरी, मोडावयाचे ते नेमके ओळखून तेवढेच मोडावे, ही रीत एकच आहे.

८

आता या सर्व विवेचनाचा आमच्या संशोधकबंधूंच्या कामाशी जो निकट संबंध आहे तो सांगून लेख आटोपतो.

आमच्या दप्तरांत सनदा विपुल आहेत. वतनाच्या, इनामाच्या, मोकाशाच्या सनदा, महजर, निवाडपत्रे यांनी रुमाल भरले आहेत. त्यांवरून जो इतिहास लिहिला जातो त्यात देणारे राज्य दिसते. न देणारे राज्य दिसत नाही. कारण उघड आहे. ज्यास मिळाले त्याने कागद जपला, पेटीत ठेविला, कज्जात काढला, इनाम कमिशनापुढे मांडला. ज्यास नाकारले गेले त्याने काय जपावे? ज्या शिलेदारास दरमहा रोख वेतन मिळाले, त्याच्या हाती महिनाअखेरीस कागद उरला नाही. ती नोंद असावयाची ती सरकारच्या दप्तरात, आणि रायगडचे दप्तर आज आपल्यापाशी नाही. महाराजांच्या सुधारणेचा अर्धा भाग 'न देण्यात' होता. आणि न देण्याची सनद नसते.

म्हणूनच आज्ञापत्राचे मोल मोठे आहे. न दिलेल्याची साक्ष देणारा तो जवळजवळ एकटाच ग्रंथ आहे, आणि ती साक्ष देणारा पुरुष देण्याच्या मोहातून व सक्तीतून स्वतः गेलेला आहे. सनदांच्या संख्येवरून शिवकालीन राज्य हे अन्य पातशाह्यांसारखेच वतनांवर उभे होते असे अनुमान काढणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी; तसेच सभासदाच्या वर्णनावरून सर्व वतने मोडली गेली असे मानणाऱ्यांनी रांझ्याचे पत्र शेवटपर्यंत वाचावे.

यास्तव संग्राहकांस आमची एक विनंती आहे. जुन्या घरांतून रुमाल सोडताना मोठी मुद्रा असलेली सनद हाती येताच बाकीचे कागद बाजूस सारण्याचा मोह होतो. तसे करू नये. ताकीदपत्रे, हिशोबाचे बंद, वराता, बैल व बियाणे दिल्याच्या याद्या, गावच्या मोजणीचे तुकडे, यांस बाजारात किंमत नाही व प्रदर्शनात शोभा नाही. परंतु राज्य रयतेच्या बांधापर्यंत खरोखरीच पोचले होते की नाही, याचा निर्णय त्यांवरच व्हावयाचा आहे. सनद एका घराचे भाग्य सांगते. हिशोबाचा फाटका बंद साऱ्या गावाचे सांगतो. असा एखादा बंद कोणाच्या संग्रही पडून असेल तर त्याने तो वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी नकलून घ्यावा, आणि कोठे व कोणत्या कागदांसोबत सापडला त्याची नोंद करून ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.